सदाफुलीची पंचवीस पानं

सदाफुली ठाऊक नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. कुंपणाच्या कडेला, विहिरीच्या काठाला, चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात, कुठेही कुणी न लावता उगवणारी. पाच पाकळ्या, पांढऱ्या नाहीतर गुलाबी. तिला आपण फारसा मान कधी दिला नाही. जास्वंद गणपतीची, बेल शंकराचा, तसा सदाफुलीचा देव काही ठरलेला नाही. परडीत इतर फुलं कमी पडली की भरतीला तिचा नंबर लागतो एवढंच. इथे ऑन्टारिओत आल्यावर मात्र तीच सदाफुली मे महिन्यात, व्हिक्टोरिया डेच्या सुमारास, गार्डन सेंटरमध्ये 'विंका' या भारदस्त नावाने ट्रेमध्ये मांडलेली दिसते आणि आपल्या बायका माहेरचं माणूस भेटल्यासारख्या तिच्यापाशी थांबतात. दोनचार ट्रे गाडीत जातात. ऑक्टोबरातल्या पहिल्या दहिवराला ती मान टाकते. इथे तिला 'सदा' म्हणण्यात काही अर्थ नाही.

मी इथल्या एका इस्पितळाच्या कर्करोग विभागात औषधशाळेत काम केलं, निवृत्त होईपर्यंत. त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभा राहिलो की दोन प्रश्न हटकून येतात. पहिला मधुमेहाचा. सकाळी अनशापोटी सदाफुलीची पानं चावून खाल्ली तर साखर उतरते म्हणतात, खरं का? दुसरा प्रश्न हळू आवाजात येतो. रक्ताच्या कर्करोगाचं औषध सदाफुलीतून काढतात म्हणे, मग पानांचा रसच दिला तर? मागच्या वर्षी हा दुसरा प्रश्न ज्या काकूंनी विचारला त्यांच्या भाच्याचा मुलगा सात वर्षांचा होता, आणि तिकडे भारतात त्याचे उपचार नुकतेच सुरू झाले होते. घरात दोन तट पडले होते. कुणीतरी वैद्यकीचा अभ्यास नसलेल्या गृहस्थांनी रस सुचवला होता आणि केमोथेरपी नकोच असं आजोबांचं म्हणणं होतं. रांगेत उभं राहून अशा प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. काकूंना मी बाजूला बसवून जे सांगितलं ते एका माणसाच्या चरित्राच्या आधाराने सांगितलं, आणि संपादकांनी लेख मागितला तेव्हा तेच लिहायचं ठरवलं.

हा माणूस म्हणजे डॉ. रॉबर्ट लेंग नोबल. जन्म टोरांटोचा, 3 फेब्रुवारी 1910. कॅनडाच्या वैद्यकीय इतिहासात नाव मोठं. आडनाव नोबल असलं तरी नोबेल काही मिळालं नाही, आणि गंमत म्हणजे या घराण्याच्या दारावरून नोबेल एकदा अगदी जवळून गेलं होतं. ती हकिगत आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

रॉबर्टचा थोरला भाऊ क्लार्क, दहा वर्षांनी मोठा. 1921 च्या उन्हाळ्यात टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग स्वादुपिंडावर प्रयोग करायला आले तेव्हा प्राध्यापक मॅक्लाउड यांनी त्यांना मदतनीस म्हणून दोन तरुण विद्यार्थी देऊ केले. एक चार्ल्स बेस्ट, दुसरा क्लार्क नोबल. दोघांनी उन्हाळा अर्धा अर्धा वाटून घ्यायचा होता. आधी कोण, हे ठरवायला नाणं उडवलं म्हणतात, आणि कौल बेस्टच्या बाजूने पडला. अर्धा उन्हाळा सरला तोवर बेस्टचा हात कामावर बसला होता. तो पुढेही राहिला आणि बँटिंग-बेस्ट ही जोडी शाळेच्या पुस्तकात गेली. क्लार्कनेही नंतर मॅक्लाउडांच्या प्रयोगशाळेत इन्सुलिनवर, सशांवरच्या प्रयोगांत काम केलं, पण आज त्याचं नाव निघतं ते त्या नाण्यापुरतंच. पुढे तो डॉक्टर झाला. रॉबर्ट तेव्हा अकरा वर्षांचा होता. इन्सुलिन हा शब्द जगाने ऐकला त्याच सुमारास तो त्याच्या घरात जेवणाच्या टेबलावर असणार.

रॉबर्ट 1934 साली टोरांटोलाच डॉक्टर झाला, पण रुग्ण तपासण्यापेक्षा प्रयोगशाळेकडे त्याचा ओढा. इंग्लंडला लंडनमध्ये मिडलसेक्स हॉस्पिटलात त्याने संप्रेरकांवर काम केलं, पीएचडी मिळवली. परत आल्यावर मॉन्ट्रियलला मॅकगिल विद्यापीठात जेम्स कॉलिप यांच्या हाताखाली. कॉलिप म्हणजे 1922 च्या सुरुवातीला ज्यांनी इन्सुलिन माणसाला टोचण्याइतकं शुद्ध करून दाखवलं ते. म्हणजे थोरला भाऊ बँटिंगच्या बाजूला, धाकटा कॉलिपच्या. इन्सुलिनचा धागा काही सुटत नव्हता.

दुसरं महायुद्ध आलं. नोबलच्या वाट्याला दोन कामं आली, दोन्ही सैनिकांची. एक, मोठ्या आघातानंतर माणूस रक्तस्राव न होताही धक्क्याने का दगावतो याचा शोध. त्यासाठी कॉलिप आणि त्याने एक फिरणारं पिंप बनवलं, ज्यात उंदीर गरगर फिरत आपटत राहतात. नोबल-कॉलिप ड्रम या नावाने ते 1942 पासून जगभरच्या प्रयोगशाळांत गेलं. वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, लिहायला संकोच वाटतो, पण ते वगळून चरित्र लिहिणं बरोबर नाही. दुसरं काम सौम्य होतं: बोट लागणं, म्हणजे लाटांवर मळमळणं, त्यावरची औषधं. त्याबद्दलचा एक शोधनिबंध 1947 साली त्याने चार्ल्स बेस्टच्या बरोबर लिहिला. भावाचं नाणं जिंकलेला तोच बेस्ट. जग लहान असतं, आणि कॅनडा तर त्याहून लहान.

1947 मध्ये कॉलिप वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात डीन होऊन गेले आणि नोबल त्यांच्याबरोबर. हे विद्यापीठ ज्या गावात आहे त्याचंही नाव लंडन. टोरांटोपासून गाडीने दोन तास. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं तिथे शिकली आहेत. बँटिंगला इन्सुलिनची कल्पना 1920 साली ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री सुचली ती याच गावातल्या घरात. ते घर आता स्मारक आहे, मुलांना एकदा दाखवण्यासारखं.

आता 1952. क्लार्क नोबलकडे जमैकाहून एक पाकीट आलं. पाठवणारा कोण यावर कथनं वेगवेगळी आहेत, कुणी रुग्ण म्हणतं कुणी तिकडचा डॉक्टर. पाकिटात सदाफुलीची पंचवीस पानं होती. जमैकात लोक या पानांचा चहा करून मधुमेहावर घेतात, इन्सुलिन मिळत नाही तेव्हा तोच आधार, अशी माहिती सोबत. क्लार्ककडे प्रयोग करायची सोय नव्हती. त्याने पाकीट धाकट्या भावाकडे पाठवलं.

इथे थोडं थांबतो. सदाफुली मूळची मादागास्करची. तिथून जहाजांबरोबर ती उष्ण प्रदेशात सगळीकडे पसरली. आपल्याकडे, जमैकात, फिलिपाइन्समध्ये. ज्या लोकांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही त्यांनी तिचा उपयोग एकाच आजारावर करावा ही नवलाची गोष्ट आहे. म्हणजे आपल्या आजीने अनशापोटी पानं खायला सांगितली आणि जमैकातल्या आजीने चहा करून दिला, दोघींचा रोख मधुमेहावरच. दुसऱ्या महायुद्धात फिलिपाइन्समधल्या सैनिकांनी इन्सुलिनच्या तुटवड्यात हीच पानं वापरल्याची हकिगत अमेरिकेत इंडियानापोलिसच्या इलाय लिली कंपनीपर्यंत पोचली होती. त्या कंपनीचं नाव पुढे परत येईल.

नोबलने पानांचा अर्क काढून उंदरांना पाजला. साखर हलली नाही. परत पाजला. काही नाही. जमैकाहून आणखी पानं मागवली आणि अर्क जास्त कडक करून शिरेतून टोचला. साखर तरीही हलली नाही, पण आठवड्याच्या आत उंदीर पटापट मेले. उघडून पाहिले तर अंगभर पुवाचे गोळे, जंतुसंसर्ग. स्यूडोमोनास नावाचा जंतू, जो निरोगी प्राण्याला सहसा काही करत नाही.

मी आयुष्यभर टोचायची औषधं निर्जंतुक ठेवायचं काम केलं. एखाद्या द्रावणाने प्राणी पुवाने मेले तर पहिला संशय द्रावणावर, सुईवर, हात न धुतलेल्या माणसावर. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तेच खरं असतं. अर्क ओतून द्यायचा, भांडी उकळायची, आणि मधुमेहाचा प्रयोग फसला असं वहीत लिहून पुढच्या कामाला लागायचं. तसं झालं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. नोबलच्या प्रयोगशाळेत मात्र रक्त तपासलं गेलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. हाडांच्या आतला मगज, जिथे या पेशी तयार होतात, तो ओस पडला होता. जंतू बाहेरून कुणी घातले नव्हते, दारावरचे पहारेकरीच नाहीसे झाले होते.

मग प्रश्न उलटा झाला. जे रसायन पांढऱ्या पेशी मारतं ते वाईट, हे खरं. पण ज्या आजारात पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात, त्यात? ल्युकेमिया म्हणजे तेच. अपरिपक्व पांढऱ्या पेशींचं पीक मगजात इतकं माजतं की लाल पेशींना आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांना जागा उरत नाही. मूल फिकं पडतं, अंगावर निळे डाग उठतात, साध्या तापातून उठत नाही. 1950 च्या दशकात हे निदान म्हणजे काही आठवडे, फार तर काही महिने.

याला लोक नशीब म्हणतात. या शोधाबद्दल जे काही छापून येतं त्यात योगायोग हा शब्द असतोच. मला तो पटत नाही. पाकीट आलं हा योगायोग. मेलेल्या उंदराचं रक्त तपासणं हा योगायोग नव्हे. वीस वर्षं संप्रेरकांवर काम केलेल्या माणसाला एका ठिकाणी बोट ठेवलं की शरीरात दुसरीकडे काय हलतं ते बघायची सवय असते, आणि ती सवय इथे उपयोगी पडली.

पण अर्कात शेकडो पदार्थ. त्यातला नेमका मारेकरी कोण? नोबल स्वतः रसायनशास्त्रज्ञ नव्हता, हे त्याला ठाऊक होतं, आणि तेही थोडं नव्हे. 1954 साली इंग्लंडहून चार्ल्स बीअर हा रसायनज्ञ त्याच्याकडे आला. शांत, चिकाटीचा माणूस. पानांचा अर्क निरनिराळ्या भागांत वेगळा करायचा, प्रत्येक भाग उंदराला टोचायचा, पांढऱ्या पेशी मोजायच्या, ज्या भागाने पेशी उतरल्या तो पुन्हा वेगळा करायचा. असं किती वेळा, मोजदाद नाही. कट्स नावाचा संशोधक विद्यार्थी सोबतीला, आणि पेशी मोजणारे तंत्रज्ञ, ज्यांची नावं अशा गोष्टींत कुणी घेत नाही. मी स्वतः त्याच वर्गातला, म्हणून मुद्दाम उल्लेख करतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिवसभर पेशी मोजणं हे कोळ्याच्या जाळ्याचे धागे मोजण्यासारखं काम आहे. ते त्यांनी चोख केलं नसतं तर बीअरला पुढचा भाग कोणता घ्यायचा ते कळलंच नसतं.

चार वर्षांनी शुद्ध स्फटिक हातात आला. नाव ठेवलं व्हिंकाल्युकोब्लास्टीन, पुढे सुटसुटीत व्हिनब्लास्टीन. 1958 मध्ये न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या परिषदेत नोबलने तो जाहीर केला. कार्यक्रमपत्रिकेत त्याचा नंबर अगदी शेवटी, रात्री उशिरा. सभागृह रिकामं झालेलं. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात शेवटच्या गायकाचं जे होतं तेच. पण उरलेल्या मोजक्या श्रोत्यांत लिली कंपनीची माणसं होती. त्यांनी फिलिपाइन्सच्या हकिगतीवरून सदाफुली आपल्या तपासणीत घेतली होती आणि त्यांच्याकडे ल्युकेमिया झालेले उंदीर त्या अर्कावर जास्त जगत होते. त्यांच्याकडे उंदरांचा निकाल होता, नोबल-बीअरकडे शुद्ध पदार्थ. अशा वेळी वकील बोलावले जातात. इथे दोघांनी मिळून काम केलं. टोरांटोच्या प्रिन्सेस मार्गारेट इस्पितळात डॉ. वॉर्विक आणि सहकाऱ्यांनी रुग्णांवर पहिल्या चाचण्या केल्या आणि 1960 मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या.

आता या चरित्रातला अवघड भाग. नोबलचं व्हिनब्लास्टीन मुख्यतः हॉजकिन्स या लसिका ग्रंथींच्या कर्करोगावर चाललं, पुढे वृषणाच्या कर्करोगावरही. मुलांच्या ल्युकेमियावर जे रामबाण ठरलं ते त्याच पानांतलं दुसरं रसायन, व्हिन्क्रिस्टीन. ते लिलीच्या गॉर्डन स्वोबोडाने वेगळं केलं. दोन्ही रेणू जुळ्या बहिणींसारखे. एका नायट्रोजनवर एकीला मिथिल गट, दुसरीला फॉर्मिल, एवढाच काय तो फरक. पण तेवढ्याने स्वभाव बदलतो. व्हिनब्लास्टीन मगजाला जाळतं, व्हिन्क्रिस्टीन मगजाला त्या मानाने सांभाळतं आणि त्रास देतं ते नसांना. ल्युकेमियाच्या मुलाचा मगज आधीच मोडकळीला आलेला असतो, त्यामुळे धाकटी बहीण त्याच्या कामाची. 1963 मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. म्हणजे थोरल्या भावाचं नाणं जसं चुकलं, तसं धाकट्याच्या हातातून ल्युकेमियाचं श्रेय थोडक्यात निसटलं असं म्हणता येईल. पण नोबल त्याबद्दल कुणाशी भांडल्याचं माझ्या वाचनात नाही. वाट त्याने आणि बीअरने दाखवली होती, हे लिलीच्या लोकांनाही माहीत होतं.

ही दोन्ही औषधं करतात काय? पेशी दुभंगताना तिच्या पोटात बारीक धाग्यांची एक चाती उभी राहते, जी गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेते. ते धागे ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटांचे बनतात. सदाफुलीचं रसायन त्या विटांना चिकटून बसतं, धागा विणला जात नाही, पेशी अर्ध्या वाटेत अडकते आणि मरते. भराभर दुभंगणाऱ्या पेशींचं प्रमाण ल्युकेमियात जास्त, म्हणून घाव तिथे जास्त. केसांच्या मुळांवरही बसतो. आणि नसांत हेच धागे मालवाहतुकीचे रूळ असतात, म्हणून मुलांच्या पायात मुंग्या येतात, जिना चढताना पाऊल घासतं, जबडा दुखतो, पोट साफ होत नाही. आईबापांना हे आधी सांगितलं नसेल तर ते घाबरतात. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं.

एकट्या व्हिन्क्रिस्टीनने ल्युकेमिया मावळतो पण परत येतो. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत फ्राय आणि फ्रायराइक या डॉक्टरांनी चार औषधं एकदम द्यायचं धाडस केलं. त्यातलं एक व्हिन्क्रिस्टीन, एक मेथोट्रेक्सेट. हे दुसरं ज्या वंशातलं त्याची सुरुवात लेडर्ले कंपनीत आपल्या येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या प्रयोगशाळेत झाली. भीमावरमला जन्मलेला तो माणूस 1948 साली न्यूयॉर्कमध्ये गेला, हा दिवस बघायला राहिला नाही. त्यांचं चरित्र एखाद्या अंकात कुणीतरी लिहायला हवं. तेव्हापासून औषधं वाढत गेली, वेळापत्रकं नेमकी झाली, आणि मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात जिथे 1960 च्या आसपास दहातलं एकही मूल क्वचितच वाचायचं तिथे आज चांगले उपचार मिळणाऱ्या देशांत दहातली नऊ वाचतात. व्हिन्क्रिस्टीन त्या वेळापत्रकात अजूनही पहिल्या आठवड्यापासून असतं.

त्या काकूंना मी ही सगळी हकिगत सांगितली ती पुढच्या दोन आकड्यांसाठी. एक ग्रॅम व्हिनब्लास्टीन काढायला सुमारे 500 किलो वाळलेली पानं लागतात. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीनला 2000 किलोच्या वर. आणि मुलाला एका वेळचा डोस असतो अंगाच्या क्षेत्रफळाप्रमाणे एक-दोन मिलिग्रॅम, तोही आठवड्यातून एकदा, तोही फक्त शिरेतून. शिरेतूनच हे इतकं महत्त्वाचं की त्याच्या पिशवीवर तशी ठळक चिठ्ठी लावल्याशिवाय आम्ही ती औषधशाळेबाहेर सोडत नसू, कारण चुकून कण्यात टोचलं गेलं तर माणूस वाचत नाही. आता पेलाभर रसाचं गणित करून बघा. त्यात व्हिन्क्रिस्टीन असतं नावापुरतं, पोटातून रक्तात किती जाईल ते सांगता येत नाही, आणि बाकीचे शंभरावर अल्कलॉइड आणि पानावरची माती बोनस. ज्या मुलाच्या पांढऱ्या पेशी उतरल्या आहेत त्याला कच्च्या पानांचा रस पाजणं म्हणजे नोबलच्या उंदरांचाच प्रयोग आहे. आजोबांचं म्हणणं एका अर्थी बरोबर होतं, सदाफुलीत औषध आहे. फक्त ते त्या मुलाला इस्पितळात मिळतच होतं, आणि त्याच्याच जोरावर तो बरा व्हायची शक्यता होती. काकूंनी त्याच रात्री पुण्याला फोन लावला. मुलाचे उपचार थांबले नाहीत. उपचार संपायला अजून वर्षभर आहे, त्यामुळे यापुढचं काही लिहीत नाही.

पहिल्या प्रश्नाचंही उत्तर राहिलं. नोबलच्या उंदरांची साखर उतरली नाही. नंतरच्या काही प्रयोगांत इतर प्राण्यांत थोडी उतरल्याचे दाखले आहेत, पण त्यावर कुणी गोळी बंद करावी असं त्यात काही नाही. मधुमेहाची औषधं चालू असताना वर पानं खायची असतील तर आपल्या डॉक्टरच्या कानावर घाला. ही पानं विषारी नाहीत असं समजू नका.

नोबल 1960 साली व्हँकुव्हरला गेला, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या कर्करोग संशोधन केंद्राचा संचालक म्हणून. बीअरही तिकडे गेला. 1975 पर्यंत त्याने ते केंद्र चालवलं आणि निवृत्तीनंतर घरी बसण्याऐवजी परत उंदरांकडे वळला. त्याने वाढवलेली उंदरांची एक जात संप्रेरकांनी प्रोस्टेटचा कर्करोग कसा होतो ते अभ्यासायला उपयोगी पडली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे तरुणपणी संप्रेरकांनी सुरुवात केली होती, म्हातारपणी तिथेच परतला. मधली सदाफुली हा जणू आडरस्ता. 1988 मध्ये ऑर्डर ऑफ कॅनडाचा सन्मान मिळाला. 1990 मध्ये त्याने सदाफुलीच्या शोधाची हकिगत स्वतः लिहून प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी 11 डिसेंबरला व्हँकुव्हरमध्ये त्याचं निधन झालं. वय ऐंशी. 1997 साली कॅनडाच्या मेडिकल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं. हा हॉल त्याच लंडन गावात आहे, जिथे पाकीट आलं होतं. बीअर 2010 मध्ये गेला.

मादागास्कर आणि जमैका यांच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे. पेटंट निघाली, औषधं विकली गेली, आणि ज्यांच्या चहावरून सगळं सुरू झालं त्यांना कुणी विचारलं नाही. त्या काळी तशी पद्धतच नव्हती. उलट बाजूही खरी आहे: तो चहा मधुमेहाचा होता, ल्युकेमियावर त्याचा उपयोग जमैकात कुणाला माहीत नव्हता. तरी पाकीट पाठवणाऱ्याचं नावसुद्धा एकमताने सांगता येऊ नये याचं मला वाईट वाटतं.

आजही हे औषध पानांपासूनच निघतं. तमिळनाडूत सदाफुलीची शेती होते, वाळलेली पानं आणि मुळं परदेशी जातात. 2019 च्या अखेरीला अमेरिकेत व्हिन्क्रिस्टीनचा तुटवडा पडला तेव्हा मुलांच्या कर्करोग विभागांत डोस पुढे ढकलायचे की वाटून द्यायचे यावर डॉक्टरांना खल करावा लागला. 2022 मध्ये शास्त्रज्ञांनी साध्या यीस्टच्या पेशीत सदाफुलीची बरीचशी जनुकं बसवून व्हिनब्लास्टीनचे दोन्ही अर्धे भाग तयार करून घेतले आणि शेवटी ते जोडले. बीअरने ज्यासाठी चार वर्षं पानं उकळली ते आता पावाच्या खमिरात. उत्पादन अजून अगदी थोडं आहे, कारखान्यापर्यंत पोचायला वेळ लागेल. तोवर पानं लागणारच, दर ग्रॅमला टनांनी.